किल्ल्यांच्या जुडग्यातला उजेड

मैत्रिणींनो, जिन्यातला दिवा गेलेला, एका हातात भाजीची पिशवी आणि दुसऱ्या हाताने कुलूप चाचपडायचं, हे तुम्हांला नवं नाही. ‘मोबाइलला टॉर्च आहे की!’ असं घरचे म्हणतील. आहे ना, पण तो पर्सच्या तळाशी, आणि काढायला तिसरा हात हवा! म्हणून किल्ल्यांनाच अडकवायचा छोटा एलईडी टॉर्च घ्यावा.

दुकानदार तो डोळ्यांसमोर चमकावील, त्याला भुलू नका. उजेड लुमेनमध्ये मोजतात. कुलूप आणि पायऱ्या दिसायला १० ते २० लुमेन पुरेत. फार प्रखर टॉर्च एवढ्याशा सेलवर तग धरत नाही. पिशवीत धरून लावून पाहा. डोळे दिपवणारा ठिपका नको, पसरट उजेड हवा. बटण जरा घट्टच बरं, नाहीतर पर्समध्ये दाबलं जाऊन सेल फुकट जातो.

पण खरी पारख करायची ती सेलची. स्वस्त टॉर्चमध्ये बटणासारखे चपटे सेल असतात. ‘सीआर २०३२’ म्हणजे २० मिलिमीटर रुंद, ३.२ मिलिमीटर जाड. आता बघा हं, मूल रडायला लागलं की खुळखुळा म्हणून आपण काय देतो? किल्ल्याच! टॉर्चचं झाकण निघालं, सेल तोंडात गेला आणि अन्ननलिकेत अडकला, तर तिथल्या ओलाव्यातून वीज वाहते, दाहक क्षार तयार होतो आणि दोन तासांतही आतून गंभीर भाजू शकतं. उजेड न देणाऱ्या सेलमध्येही तेवढी वीज उरलेली असते. मूल नुसती लाळ गाळील, खायला नको म्हणेल. नुसता संशय आला तरी ‘शीतून पडेल’ म्हणत थांबू नका, ओकारी काढू नका. एक्स-रेची सोय असलेलं इस्पितळ तडक गाठा.

तेव्हा लहान मूल असलेल्या घरी झाकणाला स्क्रू असलेलाच टॉर्च घ्या. माझं मत विचाराल, तर रिमोटमधल्या बारीक सेलवर चालणारा उत्तम. थोडा जाड असतो खरा, पण सेल कोपऱ्यावरच्या दुकानातही मिळतो. चार्जिंगचाही चांगला, फक्त चार्ज करायची आठवण हवी. आणि आपल्या डोक्यात आधीच दूधवाल्यापासून गॅसपर्यंत सगळं असतं!

संपलेल्या चपट्या सेलला मात्र दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी लावा आणि टाकेपर्यंत तो मुलांचा हात पोचणार नाही अशा फळीवर ठेवा.