आधी हौद, मग धूर

दिवेलागणीला धुराची गाडी भडभडत गल्लीतून गेली की मराठवाड्यातल्या उमरीसारख्या गावात लोकांचं समाधान होतं. पांढरा लोट दिसतो, डिझेलचा वास नाकात बसतो, लेकरं मागे पळतात आणि नगर परिषदेनं काहीतरी केलं असं वाटतं. डेंग्यूचा एखादा पेशंट निघाला की पहिली मागणी धुराचीच होते. आता हातात धरायचं फॉगिंग मशीन ऑनलाइन मिळतं, म्हणून काहींनी तोच धूर घरात आणलाय. जितका दाट धूर तितकी निवांत झोप, असं त्यांचं म्हणणं. हे म्हणणं चुकीचं आहे, आणि चार भिंतींच्या आत तर धोक्याचंही.

डोळ्यांना दिसतो तो मुख्यतः डिझेलचा धूर. त्यात औषध अगदी थोडं असतं. त्याचे बारीक थेंब हवेत तरंगतात आणि उडत्या डासाला लागले तरच तो मरतो. धूर विरला की मागे असर उरत नाही. पाण्यातल्या अळ्या-अंड्यांना तर त्याचा पत्ताही लागत नाही. अंड्याचा डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात, म्हणजे आज मेलेल्यांची जागा पुढच्या आठवड्यात भरलेली असते. त्यात डेंग्यूचा एडिस डास चावतो दिवसा आणि बसतो पलंगाखाली, खुंटीवरच्या कपड्यांमागे. गाडी आली की आपण नेमकी दारं-खिडक्या लावून घेतो. धूर रस्त्यावर राहतो आणि डास घरात.

यावर कोणी विचारेल, मग सरकारी यंत्रणा धूर करतेच कशाला? साथ भडकल्यावर रोग वाहणारे डास ताबडतोब कमी करायचे असतात, म्हणून. पेशंटच्या घरात आणि आसपास ठरलेल्या औषधाची, ठरलेल्या प्रमाणात, सकाळ-संध्याकाळ केलेली फवारणी त्या वेळी कामाची असते. तेवढ्यापुरती ती योग्यच. पण आणीबाणीच्या उपायाला रोजची सवय करणं म्हणजे आजार सोडून तापाशी भांडणं.

झुरळं-ढेकणांसाठी धूर करणाऱ्यांचं तर आणखीच चुकतं. अमेरिकेत बटण दाबताच सगळं औषध सोडणारे फॉगरचे डबे घरोघरी वापरले जातात. ते ढेकणांवर चालत नाहीत, हे 2012 मध्ये ओहायो राज्यातल्या संशोधकांनी दाखवलं. 2019 मध्ये नॉर्थ कॅरोलिनातल्या अभ्यासात झुरळंही कमी झाली नाहीत. औषध मात्र जमिनीवर नि ओट्यावर साचलं. सांदीकोपऱ्यात लावलेल्या जेलनं तीच झुरळं आटोक्यात आली. याच डब्यांमुळे 2001 ते 2006 या काळात तिथल्या आठ राज्यांत 466 जणांना त्रास झाल्याची नोंद आहे. म्हणजे कीड शाबूत आणि माणूस दवाखान्यात.

आपल्याकडे याहून वाईट प्रकार चालतो. कापूस-सोयाबीनवर मारून उरलेलं औषध रॉकेलमध्ये कालवून घरातल्या ढेकणांवर मारलं जातं. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात पिकावर फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. ते तर उघड्या रानात होते. तेच विष दार लावलेल्या दहा बाय दहाच्या खोलीत, लेकरांच्या अंथरुणाशेजारी मारायचं? शेतातलं औषध घरात कधीच मारू नये, इथे तडजोड नाही.

दुसऱ्या टोकाला सगळ्या औषधांना विष ठरवून कडुलिंबाचा पाला जाळणारे आहेत, आणि रात्रभर कॉइल पेटवणारेही. पाला झाला तरी धूर तो धूरच. दमेकऱ्याच्या छातीला तो कडुलिंबाचा म्हणून सवलत देत नाही. एका कॉइलमधून निघणारे सूक्ष्म कण 75 ते 137 सिगारेटींच्या कणांइतके असतात, असं 2003 च्या एका अभ्यासात मोजलं गेलं.

मग करायचं काय? उमरीहून निझामाबादमार्गे रेल्वे ज्या सिकंदराबादला जाते, तिथे 20 ऑगस्ट 1897 रोजी डॉक्टर रोनाल्ड रॉसला डासाच्या पोटात मलेरियाचे जंतू सापडले. पुढे त्यानं डासांविरुद्ध पथकं उभारायला सांगितलं, ती साचलेलं पाणी हटवण्यासाठी. आपल्या हौदात डोकावलं की त्याचं म्हणणं पटतं. पाणी जिथवर होतं तिथे कडेला तिळाहूनही बारीक काळे ठिपके चिकटलेले दिसतात. ती एडिसची अंडी. हौद कोरडा पडला तरी ती महिनोन् महिने जगतात, म्हणून नुसतं पाणी ओतून भागत नाही. आठवड्यातून एकदा कड काथ्यानं खसखसून घासावी लागते. रांजणाला, ड्रमला घट्ट झाकण किंवा कापड बांधावं. जो हौद रिकामा करता येत नाही त्यात गप्पी मासे सोडावेत. खिडक्यांना जाळ्या बसवाव्यात, आणि झोपताना, दिवसासुद्धा, मच्छरदाणी लावावी.

एवढं करूनही औषध लागलं तर घरगुती वापराचंच घ्यावं आणि लेबल वाचावं. फवाऱ्याच्या डब्यातला वायू पेट घेतो, म्हणून आधी गॅस, देवघरातला दिवा, उदबत्ती विझवावी. अन्न, पाणी, भांडी झाकावीत. गप्पी माशांचा हौदही झाकावा, कारण हे औषध त्यांना मारतं. लेकरं, गरोदर बाई, दमेकरी आणि मांजर यांना बाहेर पाठवावं. नाक-तोंड झाकून कोपऱ्यांत, पलंगाखाली थोडकाच फवारा मारावा, दार ओढून बाहेर पडावं. लेबलवर दिलेला वेळ गेला की खिडक्या उघडाव्यात, ओटा पुसून घ्यावा. कुणाला उलटी, घाम, धाप सुरू झाली तर डब्यासकट दवाखाना गाठावा.

आणि नगर परिषदेच्या दारात मागणी न्यायची असेल तर धुराच्या आधी नळाच्या पाण्याची न्यावी. पाणी ठरल्या दिवशी येईल याचा भरवसा नसतो, म्हणून मराठवाड्यातलं घर हौद-ड्रम भरून ठेवतं, आणि एडिसला तेवढंच हवं असतं. पाण्याचा वार पक्का झाला की साठा कमी होईल, हौद घासायला रिकामा मिळेल. डासांवर याच्याइतकं जालीम औषध कुठल्याच मशीनमध्ये भरता येत नाही.