वादळ समुद्रात, नुकसान कोणाचे?

लोणारपासून अरबी समुद्र सरळ रेषेत सुमारे चारशे किलोमीटर दूर आहे. त्यामुळे चक्रीवादळ म्हणजे कोकणातल्या किंवा गुजरातच्या किनाऱ्यावरच्या लोकांची काळजी, असे आम्ही इकडचे लोक समजत आलो. 2019 च्या हंगामाने हा समज खोटा ठरवला.

त्या वर्षी उत्तर हिंद महासागरात आठ चक्रीवादळे झाली. एरवी बंगालच्या उपसागरात वादळे जास्त होतात आणि अरबी समुद्रात वर्षाला सरासरी एखादेच. 2019 मध्ये मात्र आठपैकी पाच अरबी समुद्रात उठली. जूनमध्ये वायू, सप्टेंबरमध्ये हिक्का, ऑक्टोबरमध्ये क्यार आणि महा, डिसेंबरमध्ये पवन. हिंद महासागराचा पश्चिम भाग त्या वर्षी नेहमीपेक्षा जास्त गरम झाला होता आणि पूर्वेचा भाग थंड होता. गरम पाणी हीच वादळाची ताकद असते. मान्सूनही रेंगाळला. त्याचा परतीचा प्रवास 9 ऑक्टोबरला सुरू झाला. इतका उशीर पूर्वी कधी नोंदला गेला नव्हता.

24 ऑक्टोबरला राज्यात विधानसभेचे निकाल लागत होते, तेव्हा समुद्रात क्यार आकार घेत होते. 27 तारखेला, ऐन दिवाळीत, ते सर्वोच्च श्रेणीचे वादळ बनले. 2007 च्या गोनूनंतर अरबी समुद्राने इतके मोठे वादळ पाहिले नव्हते. ते कुठेही किनाऱ्यावर आदळले नाही, समुद्रातच विरले. पाठोपाठ आलेले महा गुजरातकडे वळले आणि किनारा गाठण्याआधीच अशक्त झाले. किनाऱ्याचा धोका टळला. आमचा टळला नाही.

वादळे समुद्रात फिरत होती आणि ओलसर हवा विदर्भ-मराठवाड्यावर येत होती. तेव्हा आमच्याकडे सोयाबीनची सोंगणी झालेली होती. कुठे सुड्या लागल्या होत्या, कुठे पीक शेतातच पसरलेले होते. पाऊस थांबेना. शेंगांतल्या दाण्यांना कोंब फुटले, सुड्या आतून काळ्या पडल्या, झाडावरचा कापूस भिजून पिवळा झाला. तो सफरचा महिना होता, म्हणून काहींनी महिन्यालाच दोष दिला. सफरमध्ये नहूसत नाही हे पैगंबर मुहम्मद (स.) यांनी स्पष्ट सांगितले आहे. पाऊस अल्लाह तआलाच्या हुकमाने आला. पण त्याचे नुकसान कोणी किती सोसायचे, हे मात्र माणसांनी ठरवले. आजचा विषय तोच आहे.

राज्यात तेव्हा राष्ट्रपती राजवट होती. 16 नोव्हेंबरला राज्यपालांनी मदत जाहीर केली. खरीप पिकांसाठी हेक्टरी 8,000 रुपये आणि फळबागांसाठी हेक्टरी 18,000 रुपये, दोन हेक्टरच्या मर्यादेत. खरिपाचा हिशेब एकरी 3,200 रुपयांच्या आसपास पडतो. अशी मदत ज्याच्या नावावर सातबारा असतो त्याच्या खात्यात येते.

आता आपल्या घरांकडे पाहू. आपल्या समाजात कित्येक कुटुंबांच्या नावावर गुंठाभरही जमीन नाही. ती ठोक्याने किंवा बटईने शेती करतात. ठोक्याची रक्कम आधी दिलेली असते, बियाणे आणि खत उधारीवर आणलेले असते. पीक सडले की ठोका बुडतो, उधारी अंगावर राहते आणि मदत दुसऱ्याच्या खात्यात जाते. जमीनमालकाला ठोकाही मिळतो आणि मदतही. कायद्याने तो गुन्हेगार नाही. पण मोमिनाने फक्त एवढेच पाहायचे का?

सहीह मुस्लिममध्ये ह. जाबिर (रजि.) यांची एक रिवायत आहे. तिचा आशय असा की, तुम्ही आपल्या भावाला फळे विकली आणि त्या फळांवर आपत्ती कोसळली, तर त्याच्याकडून मोबदला घेणे तुम्हाला हलाल नाही. भावाचा माल तुम्ही कोणत्या हक्काने घेणार? ही सूट कुठे बंधनकारक आणि कुठे एहसान, यावर फकीहांमध्ये मतभेद आहेत. जमिनीच्या ठोक्याला ती कशी लागू होते हे आलिमांना विचारावे. पण तिचा रोख समजायला कठीण नाही. जी आपत्ती कोणीच आणली नाही, तिचा सगळा भार एकट्या कमजोर माणसावर टाकू नये. जमीनमालक स्वतः गरीब असेल, एखादी विधवा असेल, तर निम्मे-निम्मे करावे. समोरचा कोणत्याही धर्माचा असो, इन्साफ तोच.

एक हक्क मात्र या वाटणीत येत नाही, तो मजुरांचा. ज्या बायाबापड्यांनी एकरी गुत्त्याने सोंगणी केली, त्यांचे काम झाले होते. पीक नंतर सडले म्हणून त्यांची मजुरी कापता येत नाही. घाम सुकण्याआधी मजुरी देण्याची शिकवण अशाच दिवसांसाठी आहे.

काही गोष्टी पेरणीआधीच करता येतात. सूरह बकरामध्ये उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याचा आणि साक्षीदार घेण्याचा हुकूम आहे. ठोकाही तसाच लिहावा. अतिवृष्टी किंवा गारपीट झाली तर किती सूट आणि सरकारी मदतीत कोणाचा किती वाटा, हे त्यातच नमूद करावे. पीक विमा योजनेत ठोक्याने शेती करणाऱ्यालाही भाग घेता येतो. भाडेकराराचे आणि विम्याचे त्या वर्षीचे नियम कृषी कार्यालयात विचारून घ्यावेत. ज्या वर्षी कापणीनंतरच्या नुकसानीचे संरक्षण लागू असेल, त्या वर्षी शेतात सुकायला ठेवलेले पीक अवकाळी पावसाने गेले तर 72 तासांच्या आत कळवावे लागते. ताडपत्री सोंगणीच्या आधी घ्यावी, ढग आल्यावर नव्हे. आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये अरबी समुद्रात वादळ उठल्याची बातमी आली, तर ती आपल्यासाठीही आहे असे समजून मळणी उरकून घ्यावी.

बहुतेक घरांत ठोक्याचा व्यवहार पाडव्याच्या सुमारास ठरतो. तेव्हा शब्दावर न थांबता कागद काढा. ज्यांच्याकडे जमीन आहे त्यांनी सुटीची अट आपण होऊन लिहावी. मागणाऱ्याला ती मागण्याची लाज वाटते.