फिल्टर लावा, पेपर काढा

मेंदूतली चेतापेशी काय बोलते ते आम्हाला कळलं, असं छातीठोकपणे सांगणारा पेपर हातात आला की मी आधी एकच गोष्ट शोधतो: थ्रेशोल्ड, म्हणजे सिग्नल आणि गोंगाट वेगळे करणारी रेषा, कुणी ठरवला, कशावरून? उत्तर परिशिष्टाच्या तळाशी अर्ध्या ओळीत असतं. असलंच तर.

इलेक्ट्रोडच्या टोकाशी जवळच्या मोजक्या पेशींचे स्पाइक, म्हणजे विजेचे क्षणिक ठोके, येतात, दूरच्या असंख्य पेशींची कुजबुज येते, वर विजेच्या तारांची 50 हर्ट्झची गुणगुण. या सगळ्या मिश्रणाला साधारण 300 ते 3000 हर्ट्झचा बँडपास फिल्टर लावायचा, ठरवलेल्या रेषेपलीकडे जे जाईल ते स्पाइक धरायचं आणि आकार बघून कुठला कुठल्या पेशीचा ते वाटायचं. याला स्पाइक सॉर्टिंग म्हणतात. स्क्रीनवर ठिपक्यांचे ढग उमटतात, विद्यार्थी माउसने कुंपण घालतो. दोन ढगांच्या सीमेवरचे ठिपके कुणाचे? आलेख ज्याने देखणा होईल त्याचे! 2000 साली हॅरिस आणि सहकाऱ्यांनी उंदराच्या मेंदूतल्या हिप्पोकॅम्पसमध्ये पेशीबाहेर चार तारांचा टेट्रोड आणि त्याच वेळी पेशीच्या आत इलेक्ट्रोड ठेवून ही हातवाटणी पडताळली. चुका 0 ते 30 टक्के निघाल्या. असल्या हिशेबावर वाण्याचं दुकान महिनाभर तगणार नाही. इथे आख्खी करिअर तगतात.

आता म्हणे सगळं सॉफ्टवेअर करतं. न्यूरोपिक्सल्स या इलेक्ट्रोड-सुईवर 384 चॅनेल एकाच वेळी नोंद करतात, तिथे हाताने वाटणी अशक्यच, कबूल. पण पॅरामीटर कुणी भरले? एकदा स्पाइक आला की पेशी मिलिसेकंदभर तरी गप्प बसते. तुमच्या ‘एकाच’ पेशीचे स्पाइक अर्ध्या मिलिसेकंदावर सर्रास येत असतील, तर ती एक पेशी नव्हेच. एवढी तपासणी छापायलाही जिवावर येतं. आणि निव्वळ गोंगाट अरुंद फिल्टरमधून काढला तरी सुरेख लाट मिळते, हे पहिल्या सेमिस्टरचं पोरगंही सांगेल. तरी ‘मेंदूची लय सापडली’ म्हणून नाचतातच.

2017 मध्ये योनास आणि कोर्डिंग या संशोधकांनी मेंदूच्या सिग्नलवर चालवतात तीच विश्लेषणाची हत्यारं 6502 या जुन्या मायक्रोप्रोसेसरवर चालवली. चिपवर डाँकी काँगसारखे व्हिडिओ गेम चालू होते. काही ट्रान्झिस्टरांची उघडझाप पडद्यावरच्या ठिपक्याच्या उजेडाशी झकास जुळली, पण त्या उजेडाशी त्यांचा थेट संबंध काहीच नव्हता. चिप माणसाने बनवलेली, म्हणून पितळ उघडं पडलं. मेंदूचा नकाशा कुणाकडे आहे?

म्हणून कच्चा सिग्नल आणि कोड पेपरसोबतच द्या. ‘मागितल्यास उपलब्ध’ हे शेपूट नको. मी मागून पाहिलंय. उत्तर येतं, हार्डडिस्क ज्याच्याकडे होती तो आता बँकेत नोकरीला आहे.