गणपतीला येताना ड्रिल मशीन घेऊन या

मुंबई-पुण्याच्या समस्त चाकरमान्यांना आणि वाडीत राहणाऱ्या मंडळींना,

गणपतीची तिकिटं तुम्ही काढून ठेवली असतील. येताना काय काय आणायचं ते आईने फोनवर सांगितलंही असेल. त्या यादीत ती स्वतःसाठी काही सांगत नाही, म्हणून तिच्या वतीने मी सांगते. ड्रिल मशीन आणा. न्हाणीघराच्या भिंतीत बसवायला स्टीलचे दोन भक्कम दांडे आणा. आणि वीज गेली तरी पेटता राहणारा चार्जिंगचा एक बल्ब आणा.

या पंचक्रोशीत मी एकतीस वर्षं आरोग्यसेविका म्हणून फिरले. निवृत्त झाल्यावरही लोक बोलावतात, आणि आता बोलावणं येतं ते बहुधा कुणीतरी म्हातारं माणूस पडलं म्हणून. खुब्याचं हाड, मनगट, पाठीचा मणका, डोक्याला मार. साप चावला तर अख्खी वाडी धावते. आजी पडली तर ‘वय झालं, चालायचंच’ म्हणून माणसं आपापल्या घरी जातात. हे ‘चालायचंच’ मला मान्य नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसं पडून दगावतात. अपघाती मृत्यूंत रस्त्यावरच्या अपघातांच्या खालोखाल पडण्याचाच क्रमांक लागतो, आणि दगावणाऱ्यांत साठीपुढची माणसं सर्वांत जास्त.

माझ्या सासूबाई पडल्या तेव्हा मी नोकरीत होते. दुसऱ्यांच्या घरी जाऊन स्वच्छता, औषधपाणी शिकवत होते आणि माझ्याच घराच्या मागच्या पायरीवर शेवाळ धरलेलं होतं. भल्या पहाटे त्या चूल पेटवायला न्हाणीकडे निघाल्या. खुब्याचं हाड मोडलं. ‘लचक भरली असेल’ म्हणून आम्ही आधी लेप लावला, चार दिवस असेच गेले. अशा हाडाचं ऑपरेशन शक्यतो दोन दिवसांच्या आत व्हावं लागतं, हे मला ठाऊक असायला हवं होतं. त्या पुन्हा चालल्या नाहीत. अंथरुणात छातीत कफ साठला आणि पाच महिन्यांत गेल्या. त्या पायरीवर दहा मिनिटं ब्रश मारायचं राहून गेलं, एवढंच कारण.

आणखी एक गोष्ट गेल्या काही वर्षांत माझ्या लक्षात आली. म्हातारी माणसं पडल्याचं सांगत नाहीत. दंडावर काळंनिळं दिसतं, विचारलं तर म्हणतात, दाराला लागलं. जरा जवळ बसलं की खरं बाहेर येतं: ‘मुलाला सांगू नकोस बाय, तो मला मुंबईला नेईल आणि घराला कुलूप लागेल.’ तुमच्या आईला पडण्यापेक्षा त्या कुलपाची भीती जास्त आहे. म्हणून आल्यावर तिला निवांत विचारा, या वर्षात कधी पडलीस का, कधी तोल गेला का. ती सांगेल तेव्हा रागावू नका, ‘तुला सांगितलं होतं ना’ असं म्हणू नका आणि मुंबईचा विषय तर मुळीच काढू नका. जिथे पडली ती जागा दाखव म्हणा. एकदा पडलेलं माणूस पुन्हा पडण्याचा संभव जास्त असतो, आणि ती जागा तशीच राहिली तर तिथेच पुन्हा पडू शकतं.

आता न्हाणीघराबद्दल, मनाला लावून घेऊ नका. आईबाबांना सुख व्हावं म्हणून तुम्ही जुनी न्हाणी पाडून चकचकीत टाइल्स बसवल्यात. जुन्या खडबडीत दगडावर पाय ठरत होता, या टाइल्सवर साबणाचं पाणी पडलं की ठरत नाही. टाइल्स उखडायला नकोत. खरखरीत रबरी मॅट अंथरा, बसून आंघोळ करायला पक्कं स्टूल ठेवा, आणि दांडे बसवा: एक कमोडशेजारी, एक आंघोळीच्या जागी. टॉवेलची दांडी म्हणजे आधार नव्हे. तोल गेलेलं माणूस तिलाच धरतं आणि ती भिंतीतून उपटून हातात येते. हे मी दोन घरांत पाहिलंय.

चिऱ्याच्या पायऱ्या आणि पाणंद श्रावणात हिरवीगार होते. ब्लिचिंग पावडर टाकून तारेच्या ब्रशने घासायची, पाऊस संपेपर्यंत दर पंधरा दिवसांनी. पायरीच्या कडेला पांढऱ्या रंगाचा पट्टा ओढा, मोतीबिंदूच्या डोळ्यांना पायरी संपते कुठे ते कळत नाही. खळ्यातून संडासापर्यंत जायच्या वाटेला बांबूचा कठडा बांधा. रात्री तिथवर जायलाच लागू नये म्हणून खोलीत कमोडची खुर्ची ठेवलेली उत्तम. बाबा लाजतील, पण दोन रात्रींत सवय होते.

सणाच्या दिवसांतच घर सगळ्यांत धोक्याचं असतं. माजघरात बॅगा, दारात चपलांचा ढीग, मखराच्या लाइटिंगच्या वायरी, समईखाली सांडलेलं तेल, टाइल्सवर रांगोळी. त्यातून आई पंचवीस माणसांच्या स्वयंपाकाच्या घाईत. वायरी भिंतीकडेने न्या, सांडलेलं लगेच पुसा. आणि तिला मागून पट्टा असलेल्या, तळ न झिजलेल्या चपला घेऊन द्या.

गोळ्यांचंही बघा. बीपीच्या, झोपेच्या, प्रोस्टेटच्या गोळ्यांनी उठताना चक्कर येऊ शकते. घरातल्या साऱ्या गोळ्या एका पिशवीत घालून प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा, बीपी झोपून आणि उभं राहून दोन्ही वेळा मोजायला सांगा. मनाने मात्र एकही गोळी बंद करू नका. रात्री उठताना आधी बसायचं, मिनिटभर थांबायचं, मग उभं राहायचं.

जे पडले ते भीतीने चालणं सोडतात, पायांतली ताकद जाते आणि मग जास्तच पडतात. जगभरच्या अभ्यासांचा २०१९ साली एकत्र हिशेब मांडला, तेव्हा व्यायामाने पडण्याचं प्रमाण २३ टक्क्यांनी कमी झालेलं दिसलं. पडवीच्या खांबाला धरून एका पायावर उभं राहणं, खुर्चीतून हात न टेकता दहा वेळा उठणं, एवढं रोज पुरे. नातवंडांना आजीबरोबर करायला लावा.

तरीही कुणी पडलंच, तर चौघांनी मिळून ओढून उभं करू नका. पाय आखूड किंवा बाहेर वळलेला दिसला, वजन टाकता येईना, तर १०८ला फोन करा. डोक्याला मार लागला असेल तर पुढचे काही आठवडे लक्ष ठेवा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर विशेष. झोपाळूपणा, बोलण्यात गोंधळ, वाढती डोकेदुखी दिसली की लगेच दवाखाना.

पैशांची अडचण असेल तर ग्रामपंचायतीत मुख्यमंत्री वयोश्री योजनेची चौकशी करा. राज्य सरकारने २०२४ साली सुरू केलेली ही योजना ६५ वर्षांवरच्या पात्र ज्येष्ठांना काठी, वॉकर, कमोड खुर्ची अशा साधनांसाठी एकदाच ३००० रुपये देण्यासाठी आहे. ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही हेल्पलाइन मोफत आहे. तो नंबर आईच्या मोबाइलमध्ये घालून द्या.

ऋषिपंचमीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता देवळात जमू. गवंडीदादा आणि वायरमन यायला तयार आहेत, ब्लिचिंग पावडर मी आणते. तरुण पोरांनी ब्रश, फावडी आणि तुमची ड्रिल मशीनं घेऊन यावं. वाडीतल्या प्रत्येक घरी जायचंय. यंदा ज्यांच्याकडे मुंबईहून कुणीच येणार नाही अशी सात घरं मी वहीत लिहून ठेवली आहेत. सुरुवात त्यांच्यापासून करायची.

वाडीतल्या ज्येष्ठ मंडळींच्या वतीने,
तुमची निवृत्त नर्सबाई