आधी सुई बघा, मग रेकॉर्डला नावं ठेवा

रूमवर टर्नटेबल असणं सध्या भारी कूल समजलं जातं. माळ्यावरची आजोबांची एलपी खाली येते, धूळ झटकली जाते, रील शूट होतं. आणि दोन गाणी होतात न होतात तोच आवाज फाटायला लागतो. गायिकेचा प्रत्येक ‘स’ आणि ‘श’ खरखरतो. लगेच निकाल लागतो, ‘जुनी आहे ना, रेकॉर्डच गेलीय.’

रेकॉर्ड गेलेली असूही शकते. पण संशय आधी सुईवर घ्या. सुईच्या टोकाला कापसासारखा धुळीचा पुंजका अडकला असेल, तर मऊ ब्रशने मागून पुढे हलकेच काढा. बऱ्याचदा एवढ्यावरच काम भागतं. नाही भागलं तर सुईचं वय विचारा. हिऱ्याचं टोक साधारण ५०० ते १००० तास चालतं. रोज एक एलपी दोन्ही बाजूंनी ऐकलीत, तर ५०० तास दोनेक वर्षांत भरतात. सेकंडहँड प्लेअरबरोबर आलेल्या सुईचे किती तास झालेत, हे तर विकणाऱ्यालाही माहीत नसतं. झिजलेल्या टोकाला धारदार कडा येतात आणि त्या खाचेच्या भिंती खरवडतात. म्हणजे तुम्ही गाणं ऐकत नसता, पुसत असता.

दुसरा मुद्दा वजनाचा, आणि इथे सगळेच फसतात. सुई जितकी हलकी टेकेल तितकी रेकॉर्ड सुरक्षित, असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात वजन कमी पडलं की मोठ्या आवाजाच्या जागी सुई खाचेत उड्या मारते आणि भिंतींवर आपटते. बहुतेक मॅग्नेट कार्ट्रिजना दीड ते दोन ग्रॅम लागतात; नेमका आकडा कार्ट्रिजच्या माहितीपत्रकात असतो. अँटी-स्केट शून्यावर ठेवा, मागचं वजन फिरवून आर्म हवेत आडवा तरंगू द्या, तिथे डायल शून्यावर आणा आणि मग हवे तितके ग्रॅम द्या. अँटी-स्केटही त्याच आकड्यावर आणा. एकाच बाजूच्या स्पीकरमधून आवाज फाटत असेल तर बऱ्याचदा घोळ इथेच असतो. सुटकेसवाल्या स्वस्त प्लेअरमध्ये मात्र बहुधा ही सोयच नसते. त्यांचं सिरॅमिक कार्ट्रिज पाचेक ग्रॅमनी रेकॉर्डवर बसतं. दिसतात गोड, पण घरातली जपलेली रेकॉर्ड मी तरी त्यावर लावणार नाही.

फक्त शेवटचंच गाणं फाटतंय? त्याचं कारण भूमितीत आहे. एलपी मिनिटाला ३३⅓ फेरे घेते, पण बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला साधारण ५० सेंटिमीटर खाच जाते आणि लेबलजवळ जेमतेम २०. तेवढाच आवाज कमी जागेत कोंबलेला असतो. कार्ट्रिज किंचित तिरकं बसलं असेल तर ते पहिल्यांदा इथेच कळतं. सरळ करा, फरक पडेल. पूर्ण जाईलच असं नाही.

आणि हो, वायर बघा. प्लेअरमध्येच प्रीअँप असेल आणि तुम्ही ती अँपच्या ‘फोनो’मध्ये खुपसली असेल, तर सिग्नल दोनदा वाढतो आणि सगळंच फाटतं. ती ‘ऑक्स’मध्ये घाला. प्रीअँप नसलेला प्लेअर ऑक्सला जोडलात तर उलट होतं, आवाज अगदी बारीक येतो. जुन्या बाजारातल्या लाखेच्या ७८च्या तबकड्यांना मात्र एलपीची सुई लावूच नका. त्यांची खाच रुंद असते, त्यांना वेगळी, जाड टोकाची सुई लागते.

अँप, स्पीकर, एलईडी पट्ट्या यांच्यावर आपण सहज हजारो रुपये उडवतो आणि सुईसाठी हात आखडता घेतो. मीही तेच केलं. ‘एकदम चकाचक’ म्हणून घेतलेल्या जुन्या प्लेअरवर आजोबांची भावगीतांची एलपी सहा महिने वाजवली, तीही सारखी पहिलीच बाजू. आवाज फाटला तेव्हा रेकॉर्डला दोष दिला आणि नवे स्पीकर आणले. सुई बदलली ती सगळ्यात शेवटी. दुसरी बाजू लख्ख वाजली. पहिली अजूनही तशीच फाटते. आजोबांना अजून सांगितलेलं नाही. ते आले की मी दुसरी बाजू लावते.