कापता येणारी कबुली

नारायणराव पेशव्यांचा खून झाला ३० ऑगस्ट १७७३ रोजी, गणेशोत्सवात आणि भर दुपारी. युट्यूबवर मात्र ते दर पौर्णिमेला मध्यरात्री 'काका, मला वाचवा' म्हणत धावतात. हल्ली तर ते नुसत्या गोष्टीत धावत नाहीत, 'माहितीपटा'त धावतात. हिरवट पडलेलं रात्रीचं चित्र, कोपऱ्यात पळणारी तारीख-वेळ, हातात दिवे लुकलुकणारं कसलंसं मोजणीचं यंत्र, चेहरा धूसर केलेला 'जुना पहारेकरी', मध्येच कुणाचा तरी धापा टाकल्याचा आवाज आणि शेवटी काळाकुट्ट पडदा. भुताच्या गोष्टीला हरकत नाही. ज्या भाषेत नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी झाले, त्या भाषेच्या वाचकाने ती घेऊही नये. हरकत आहे ती पुराव्याचा गणवेश चोरून गोष्टीला घालण्याला. माहितीपटावर आपण विश्वास ठेवतो तो काही खुणांवरून. साक्षीदार, तारीख, जागा, न सजवलेलं चित्र या त्या खुणा. नेमक्या त्याच उचलल्या, की पाहणाऱ्याकडे खऱ्या-खोट्याची पारख करायला काही उरत नाही.

शनिवारवाड्याच्या बाबतीत ही चोरी विशेष खटकते, कारण खरी हकिगत भुतापेक्षा कितीतरी भयंकर आहे. पगार थकलेले गारदी सुमेरसिंगाच्या मागून वाड्यात घुसले. धनी वाचावा म्हणून चाफाजी टिळेकर त्याच्या अंगावर पडला आणि तोही कापला गेला. पुढे रामशास्त्री प्रभुण्यांनी चौकशी करून रघुनाथरावांना दोषी धरलं. यातलं काहीही त्या चित्रफितींत नसतं. चाफाजीची किंकाळी कुणालाच कधी ऐकू येत नाही. फेब्रुवारी १८२८ च्या आगीत आतला वाडा जळाला. राहिले ते मुख्यतः तट, दरवाजे आणि जोती. ज्या दालनांतून आवाज येतो म्हणतात, ती दालनंच जागेवर नाहीत. आनंदीबाईंनी पत्रात 'ध'चा 'मा' केला, ही तर घराघरात ठाऊक असलेली गोष्ट. पण त्या पत्राचं अस्सल आजवर पुढे आलेलं नाही. राघोबादादा आणि आनंदीबाईंचा मुक्काम ज्या आनंदवल्लीत होता, तिथून रोज गंगापूर रस्त्याने ये-जा करणाऱ्या नाशिककरांना तरी हे जाणवायला हवं, की शाबीत न झालेल्या एका आरोपाला अडीचशे वर्षांनी रात्रीच्या कॅमेऱ्याची खोटी साक्ष मिळते आहे.

यावर ठरलेलं उत्तर असतं: ही करमणूक आहे, लोक काही दुधखुळे नाहीत, आणि सुरुवातीला 'काल्पनिक' अशी पाटी असतेच. पाटीचं काय होतं, ते बीबीसीने ३१ ऑक्टोबर १९९२ ला पाहिलं. 'घोस्टवॉच' हा कार्यक्रम आधीच चित्रित केलेला होता, नाटकाच्या ठरलेल्या वेळेत दाखवला गेला आणि त्यावर लेखकाचं नावही होतं. पण मायकेल पार्किन्सनसारखा भरवशाचा मुलाखतकार एका झपाटलेल्या घराचं 'थेट प्रक्षेपण' करतो आहे, असा त्याचा थाट होता. हजारो घाबरलेल्या आणि चिडलेल्या प्रेक्षकांनी फोन केले. उशिरा टीव्ही लावणाऱ्याला सुरुवातीची पाटी दिसत नाही, इतकी ती साधी गोष्ट. बीबीसीने तो कार्यक्रम ब्रिटनमध्ये पुन्हा कधी दाखवला नाही.

पण पाटीचा खरा निकाल आपल्या शेजारच्या धुळे जिल्ह्यात लागला. १ जुलै २०१८ हा रविवार, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याचा आठवडे बाजार. मंगळवेढ्याकडून भिक्षा मागत आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना 'मुलं पळवणारी टोळी' समजून जमावाने ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठार मारलं. त्याच सुमारास आपल्या मालेगावात पोलिसांनी एका कुटुंबाला अशाच जमावातून सोडवलं. त्या काळात या अफवेसोबत देशभर फिरलेली एक चित्रफीत कराचीची होती: मोटरसायकलवरचे दोघं रस्त्यात खेळणारं मूल उचलून नेतात. ती मुळात मुलांच्या सुरक्षिततेसाठी केलेली जाहिरात. शेवटी तेच दोघं मूल परत आणून सोडतात आणि फलक दाखवतात. बनवणाऱ्याने प्रामाणिकपणे दिलेली ती कबुली कुणीतरी कापली आणि उरलेला तुकडा पुरावा झाला. अफवेचा तुकडा आणि भयपट यांची गल्लत करू नका, असं कुणी म्हणेल. पण पोरं पळवणारा झोळीवाला ही आपली वाड्याच्या भुताइतकीच जुनी दंतकथा आहे, आणि तिला खरेपणा मिळाला तो त्याच हलत्या कॅमेऱ्याने. टोकाला लावलेली पाटी फोनवर दोन बोटांनी छाटता येते.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे: सिनेमा हीच मुळात फसवणूक, आणि ती आपल्याला शिकवली त्र्यंबकेश्वरच्या माणसाने. खरं आहे. दादासाहेब फाळके 'प्रोफेसर केळफा' या नावाने जादूचे प्रयोग करत. १९१७ च्या 'लंकादहन'मध्ये राम पडद्यावर आला की प्रेक्षक पादत्राणं काढत, असं सांगतात. पण ती श्रद्धा प्रेक्षक घरून घेऊन आले होते; हे चित्र लंकेत प्रत्यक्ष टिपलं, असं प्रतिज्ञापत्र फाळक्यांनी दिलं नव्हतं. उलट त्याच सुमारास 'चित्रपट कसे तयार करतात' हा लघुपट काढून त्यांनी आपलं काम सगळ्यांसमोर उघडं केलं. गंमत कमी झाली नाही. पुढच्याच वर्षी त्यांची हिंदुस्थान फिल्म कंपनी नाशकात उभी राहिली.

बंदीची मागणी इथे नाही. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर २०१३ मध्ये आलेला जादूटोणाविरोधी कायदा माणसं लुबाडणाऱ्या, छळणाऱ्या भोंदूंसाठी आहे. तो कथाकारांवर उगारला तर त्याचीच धार जाईल. मागणी एवढीच, की माहितीपटाचा थाट घेणाऱ्या भयकथेत 'काल्पनिक' हा शब्द पहिल्या चौकटीपासून शेवटच्या चौकटीपर्यंत चित्रातच असावा, कोपऱ्यात का होईना. हे अशक्य नाही. २ ऑक्टोबर २०१२ पासून आपल्याकडे पडद्यावर सिगारेट पेटली की खाली इशारा उमटतो; दिग्दर्शकांनी कुरकुर केली, सिनेमा चालूच राहिला. त्याने भीतीचा रस जातो, असं म्हणणाऱ्यांनी मतकरींची एखादी गूढकथा पुन्हा वाचावी. तिच्या मुखपृष्ठावर 'कथा' असं लिहिलेलं असतं आणि वाचणारा तरीही उठून दार नीट लावून येतो. 'हे खरोखर घडलं' या दाव्याशिवाय जी गोष्ट घाबरवू शकत नाही, ती गोष्टच कच्ची. निर्माते हे आपणहून करतील असं वाटत नाही. तोवर निदान, जिचा आगा-पीछा दिसत नाही ती चित्रफीत वाचकांनी पुढे ढकलू नये, आणि घरातल्या व्हॉट्सॲप गटावर कुणी ढकलली तर मूळ कुठलं, हे तिथेच विचारावं.