टोपर शिल्प का नव्हे?

१९५६ साली जपानच्या आत्सुको तानाका यांनी रंगीत विजेच्या दिव्यांचा झगा अंगावर चढविला. आज कलेच्या इतिहासात त्याची नोंद आहे. ती रास्तच होय. परंतु बंगालचा मालाकार दलदलीतील शोल्याचा, म्हणजे आपल्याकडील भेंडाचा, तपकिरी साल काढलेला शुभ्र गाभा सुरीने कागदासारखा पातळ सोलतो आणि त्यातून नवरदेवाचा उंच, निमुळता टोपर उभा करतो, तेव्हा सरकारदप्तरी तो ‘हस्तव्यवसाय’ ठरतो! काचेचे दिवे अंगावर चढून शिल्प होतात, मग भेंडाने काय अपराध केला?

हे रकाने आम्हां अधिकाऱ्यांनीच आखले. गंमत अशी की, साहेबाची सोला हॅट याच गाभ्याची. तिचा रुबाब आम्हांस दिसला, टोपरातील शिल्प दिसले नाही. आता तर थर्मोकोलचे टोपर निघाले आहेत. महाराष्ट्राने २०१८ साली थर्मोकोलवर बंदी घातली, पण परमुलखातील आमच्या गणपतीचे मखर अजून त्याचेच!

आपल्यापैकी जे कलाप्रदर्शनांच्या समित्यांवर बसतात, त्यांस आमचे सांगणे आहे: पुढील खेपेस टोपर शिल्पविभागात मांडा, आणि खाली ‘बंगाली लोककला’ असे न लिहिता मालाकाराचे नाव लिहा.